गेटपासून खुर्चीपर्यंत : नाशिकमध्ये पहिल्यांदा एए मीटिंगला जाताना

पहिल्यांदा एए मीटिंगला, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकीला, गेलो तो गेटवरूनच परत आलो. दुसऱ्यांदाही तसंच. संध्याकाळची वेळ, शाळेची इमारत, बाहेर चार-पाच दुचाक्या, वरच्या मजल्यावर एकाच वर्गात ट्यूबलाइट चालू. समोरच्या टपरीवर कटिंग घेतला, त्या ट्यूबलाइटकडे बघत बसलो आणि घरी जाताना वाटेत वाइन शॉपला थांबलो. तिसऱ्यांदा आत गेलो, कारण फोनवर बोललेला माणूस गेटवर उभा होता. हातात हेल्मेट. "आलात ना? चला," एवढंच म्हणाला. नाव नंतर विचारलं.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. मीटिंगचा पत्ता मिळवणं फारसं अवघड नाही. अवघड असतं ते गेटपासून खुर्चीपर्यंतचं अंतर, आणि ते एकट्यानं पार करायच्या फंदात पडू नका. फोन करा आणि कुणाला तरी गेटवर बोलवा. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेला गट. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात दोन दारुड्यांच्या गप्पांतून तो सुरू झाला. एक शेअर बाजारातला, दुसरा सर्जन. दोघांनी आपापल्या बळावर सोडायचा प्रयत्न करून पाहिला होता. टिकलं ते एकमेकांशी बोलायला लागल्यावर.

मी माझं नाव इथे लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, आता ती वाटत नाही. एएच्या परंपरेत वर्तमानपत्र, रेडिओ असल्या जाहीर ठिकाणी सभासदानं नाव द्यायचं नसतं, तेवढंच कारण. त्यामुळे मला गटाचा प्रवक्ताही समजू नका. सातपूरला कारखान्यात नोकरी केलेला आणि बरीच वर्षं न प्यालेला एक माणूस, एवढी ओळख पुरे.

"मला खरंच गरज आहे का?"

हा प्रश्न घेऊन लोक वर्ष-वर्ष काढतात. एएत यायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. सोडलेली असली पाहिजे असं नाही. रोज पिता की शनिवार-रविवार, देशी की इंग्लिश, किती वर्षं, हे कुणी विचारत नाही. दारुडा आहात की नाही याचा निकालही दुसरं कुणी देत नाही.

आपल्याकडे पळवाटा ठरलेल्या असतात. पहिली श्रावणाची. "मी श्रावण कडक पाळतो, महिनाभर थेंब नाही, मग मला व्यसन कसलं?" मीही हेच म्हणायचो. खरी परीक्षा श्रावण पाळण्यात नव्हती. आदल्या दिवशी, गटारीला, मी महिनाभराची पिऊन घ्यायचो आणि श्रावण संपायला किती दिवस उरले हे मला कॅलेंडर न बघता सांगता यायचं. ज्याला दारूशी देणंघेणं नाही तो दिवस मोजत नाही.

दुसरी पळवाट शपथेची. सप्तशृंगी गडावर जाऊन देवीपुढे शपथ, नाहीतर त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या पायाशी माळ. याला मी हसणार नाही. माळ घालून कायमचे सुटलेले लोक मी पाहिले आहेत. पण ते नीट बघा, माळेबरोबर त्यांना वारीतली माणसं, गावातलं भजन, रोज भेटणारी मंडळी मिळालेली असतात. माझ्या शपथा मात्र एकट्यानं घेतलेल्या, गडावरून खाली उतरेपर्यंत टिकायच्या.

तिसरी खास नाशिकची: "मी दारू नाही पीत, वाइन पितो." द्राक्षं आपली, वायनरी आपल्या, पाहुणे आले की गंगापूर धरणाकडे न्यायचं, त्यामुळे वाइन म्हणजे जणू शेतमाल. एकदा हिशेब करून पाहा. क्वार्टर म्हणजे १८० मिली, तीत ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे ७७ मिली निव्वळ अल्कोहोल. वाइनची बाटली ७५० मिली, १३ टक्के धरले तर सुमारे ९७ मिली. अख्खी बाटली एकट्यानं संपवणारा क्वार्टरवाल्यापेक्षा जास्त प्यालेला असतो, फक्त ग्लास उंच असतो.

एवढं वाचूनही शंका असेल तर शंकेसकट जा. मीटिंगमधल्या निम्म्या लोकांनी तसंच केलेलं असतं.

मीटिंगच्या आधी डॉक्टर, काही जणांसाठी

हा भाग गाळू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं आज सकाळी मनात आलं म्हणून एकदम, एकट्यानं, घरी बसून सोडणं धोक्याचं असतं. शरीराला सवय झालेली असते. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलटी, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, नसलेली माणसं दिसतात, कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. हे जिवावर बेतू शकतं. घरचे मात्र "दारू उतरतेय, झोपू द्या" म्हणून खोलीला कडी लावतात.

तेव्हा हे नीट लक्षात घ्या. सकाळी उठल्या-उठल्या हात स्थिर करायला घोट लागत असेल, पूर्वी सोडताना फिट आली असेल, किंवा लिव्हर, शुगर, बीपीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. किती पिता ते खरं सांगा. अर्धं सांगितलं तर औषधही अर्धंच मिळतं. थरथर आणि फिट टाळायला काही दिवसांची औषधं असतात, बी-१ हे जीवनसत्त्व दिलं जातं. आठवडाभरात बहुतेकांचं शरीर ताळ्यावर येतं. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, आपलं सिव्हिल, तिथे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. खिसा परवानगी देत असेल तर खासगी मानसोपचारतज्ज्ञ शहरात बरेच आहेत. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर वाट बघू नका, १०८ लावा.

डॉक्टर आणि मीटिंग यांचं भांडण नाही. औषध थरथर थांबवतं. संध्याकाळी सात वाजता पाय कुठे वळतात ते औषधाच्या हातात नसतं. गटात कुणी "गोळ्या कशाला घेता, बंद करा" असं सांगितलं तर त्याचं ऐकू नका. तो डॉक्टर नाही, आणि असा सल्ला देणं एएचं काम नाही.

पत्ता कसा मिळवायचा

मोबाइलवर "दारू सोडवणे नाशिक" असं शोधलंत तर आधी खासगी व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिराती येतील. केंद्र वेगळं, मीटिंग वेगळी. केंद्रात भरती व्हावं लागतं, पैसे लागतात, महिना-दोन महिने राहावं लागतं. मीटिंग तास-दीड तासाची असते, फुकट असते आणि नंतर घरी जायचं असतं. एए कुठलंही केंद्र चालवत नाही, कुठल्याही केंद्राची जाहिरात करत नाही. "आम्ही एएचेच" म्हणून कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

खरा रस्ता असा. एएचं भारतातलं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. त्यांच्या संकेतस्थळावर शहरवार मीटिंगची यादी आणि मदतीचा फोन नंबर असतो. तो फोन सभासदच उचलतात, पगारी माणूस नसतो. त्यामुळे एखाद्या वेळी कुणी ड्युटीवर असेल, कुणी गाडी चालवत असेल, लगेच उचलला गेला नाही तर अर्ध्या तासानं परत लावा. एकदा वाजून बंद झाला म्हणून "बघा, कुणीच नाही" असं स्वतःला पटवू नका. मी पटवलं होतं. चार महिने गेले.

ते जमत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन आहे, १४४४६. मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल तर टेलिमानस १४४१६, चोवीस तास आणि मराठीतही. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडेही विचारा. गटाचे लोक दवाखान्यांत माहितीपत्रकं देऊन ठेवतात. चर्चच्या फादरना विचारलं तरी चालतं. तुम्ही कुठल्या धर्माचे याचा काही संबंध नाही. बऱ्याच गावांत गटांना बसायला जागा चर्चनं किंवा शाळेनं दिलेली असते, म्हणून त्यांना माहीत असतं, एवढंच.

फोनवर काय बोलायचं हे कळत नाही म्हणून लोक फोन करत नाहीत. तर हे वाक्य घ्या: "नमस्कार, मला दारू सोडायची आहे, मीटिंगबद्दल माहिती हवी होती." आडनाव नको, पत्ता नको. मग विचारा:

मीटिंग आजही त्याच जागी, त्याच वेळी होते ना? (यादी जुनी असू शकते. शाळेला सुट्टी लागली, हॉल लग्नाला गेला की जागा बदलते.)

खुली आहे की बंद? खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्र, कुणीही येऊन बसू शकतो. बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची असते. तुम्ही दोन्हींना जाऊ शकता.

भाषा कोणती? नाशिकमध्ये मराठी-हिंदी मिसळ चालते. देवळाली कॅम्पाकडे, नाशिकरोडकडे इंग्रजीही कानावर पडू शकते.

नेमकी खूण काय? कुठलं गेट, कितवा मजला, कुठली खोली? बाहेर पाटी नसते किंवा असली तरी वहीच्या पानाएवढी असते, त्यामुळे हा प्रश्न विसरू नका.

आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यात मोलाचा: "मी पहिल्यांदाच येतोय, कुणी गेटवर भेटेल का?" याला नकार देणारा गट मी आजवर पाहिला नाही.

घराजवळची की लांबची?

सिडकोत राहणारा सिडकोतल्या मीटिंगला जायला घाबरतो. गल्लीतलं कुणी भेटलं तर? गंमत अशी की गल्लीला ते आधीच माहीत असतं. रात्री अकराला तुम्हाला रिक्षातून उतरवणारे तेच असतात. आणि मीटिंगमध्ये ओळखीचं कुणी भेटलंच, तर तो तिथे भाजी घ्यायला आलेला नसतो. तरीही भीती जात नसेल तर लांबची धरा. पंचवटीतल्या माणसानं नाशिकरोडला जावं, सातपूरच्यानं गावात यावं. पहिला महिना तसा काढून मग घराजवळ या. मात्र परतीचं गणित आधी करा. मीटिंग रात्री साडेआठ-नऊला सुटते, त्या वेळी तुमच्या मार्गावर सिटीलिंकची बस आहे का ते बघून ठेवा. स्टॉपवर ताटकळत उभं राहणं आणि समोर परमिट रूमचा लाल दिवा, हे समीकरण पहिल्या आठवड्यात जड जातं.

शिफ्टवाल्यांचं वेगळं. अंबड-सातपूरला सेकंड शिफ्ट लागली की संध्याकाळची मीटिंग बुडते. त्या आठवड्यात रविवार सकाळची शोधा, नाहीतर ऑनलाइन बसा. कोरोनाच्या काळात झूमवर सुरू झालेल्या मीटिंग पुढेही चालू राहिल्या आणि मराठीतल्याही सापडतात. व्हिडिओ बंद ठेवता येतो, नावाच्या जागी नुसतं आद्याक्षर चालतं. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांना छाटणीपासून खुड्यापर्यंत रोज शहरात येणं शक्य नसतं, त्यांनाही हाच आधार. पण पहिली मीटिंग शक्यतो प्रत्यक्ष करा. स्क्रीनवर "लीव्ह" दाबणं फार सोपं असतं, वर्गातून उठून जाताना निदान चार खुर्च्या ओलांडाव्या लागतात.

त्या दिवशी

जेवून जा. निदान मिसळ, वडापाव, काहीतरी पोटात टाका. रिकाम्या पोटी संध्याकाळी तल्लफ दुप्पट होते आणि तिला आपण "टेन्शन" म्हणतो. खिशात जास्त रोकड ठेवू नका. कामावरून थेट जा. "घरी जाऊन फ्रेश होऊन निघतो" म्हणणारा सहसा निघत नाही.

दुपारी घेतली असेल तर? तरी जा. कुणी तोंडाचा वास घेऊन हाकलत नाही. फक्त त्या दिवशी बोलू नका, ऐका, आणि गाडी चालवत जाऊ नका. गोंधळ घातलात तर बाहेर नेतील, तेही खांद्यावर हात ठेवून.

आत गेल्यावर वीस-एक प्लास्टिकच्या खुर्च्या दिसतील, एक टेबल, भिंतीवर लटकवलेले दोन कापडी फलक. त्यावर बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून दूर राहायला एकेक करून चढायचा मार्ग, आणि बारा परंपरा, म्हणजे गट कसा चालवायचा याचे संकेत. माणसं मोजायला लागाल तर पाचही असतील, पंचवीसही असतील. कपड्यांवरून कोण बँकेत आणि कोण हमाली करतो ते ओळखू येणार नाही, आणि पहिल्यांदा मला त्याचंच आश्चर्य वाटलं. मी अंगावर फाटके कपडे असलेली, डोळे तारवटलेली माणसं असतील असं धरून चाललो होतो. तसा तिथे फक्त मीच होतो. रजिस्टर नाही, सही नाही, आधार कार्ड नाही.

क्रम थोडाफार इकडेतिकडे होतो, पण साधारण असा असतो. जो मीटिंग चालवतो तो सुरुवातीला एए म्हणजे काय हे ठरलेलं निवेदन वाचतो. क्षणभर शांतता. मग संस्थेच्या पुस्तकातलं थोडं वाचन किंवा एखादी पायरी. त्यानंतर एकेक जण बोलतो. याला सगळे शेअरिंग म्हणतात. "नमस्कार, मी अमुक, अल्कोहोलिक," असं म्हणून तो सुरू करतो, समोरचे त्याला नावानं नमस्कार करतात. मग तो आपलं सांगतो: काय होतं, काय घडलं, आता कसं आहे. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी नाही, टाळ्या असल्या तर शेवटी. आपल्याकडे चार माणसं जमली की चौघंही एकाच वेळी बोलतात. तिथे एक माणूस दहा मिनिटं बोलतोय आणि बाकीचे नुसते ऐकतायत, हे दृश्यच मला नवीन होतं.

तुमच्याकडे वळतील तेव्हा बोलायलाच हवं असं नाही. "मी आज फक्त ऐकायला आलोय" एवढं पुरतं. "मी अल्कोहोलिक" म्हणणंही सक्तीचं नाही. नुसतं नाव सांगा. खरं सांगायचं नसेल तर दुसरं सांगा, मी पहिले तीन आठवडे "सुनील" होतो.

मधे एक पिशवी किंवा डबा फिरतो. त्यात दहा-वीस रुपये टाकतात, त्यातून जागेचं भाडं, चहा, पुस्तकं भागतात. एए बाहेरच्यांकडून देणगी घेत नाही, सरकारकडूनही नाही. नवीन माणसानं काही टाकायची गरज नाही, पिशवी पुढे द्या. शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात. जे बदलता येत नाही ते स्वीकारायचं बळ दे, जे बदलता येईल ते बदलायचं धैर्य दे, दोन्हींतला फरक कळू दे, असा तिचा अर्थ. आणि मग आठवण करून देतात की इथे जे ऐकलं, ज्याला पाहिलं, ते इथेच ठेवून जा. ही गोष्ट लोक पाळतात. माझ्या कंपनीतला एक साहेब वर्षभर त्याच गटात यायचा. कॅन्टीनमध्ये आम्ही एकमेकांना कधीही वेगळी ओळख दाखवली नाही.

देवाचं काय? पायऱ्यांमध्ये "उच्च शक्ती" येते आणि नास्तिक माणूस तिथेच बिचकतो. शब्द आहेत "आपल्याला उमगेल तसा परमेश्वर". आमच्या गटात एक कट्टर अंधश्रद्धा-विरोधी काका होते. ते म्हणायचे, माझी उच्च शक्ती म्हणजे या खोलीतली माणसं, कारण मला एकट्याला जे जमलं नाही ते यांच्याबरोबर जमलं. ते चालतं. कुणी त्यांना आरतीला उभं केलं नाही.

मीटिंग संपली की पळू नका. खरं काम चहाच्या वेळी होतं. दोन-तीन जण स्वतःहून येतील, नंबर देतील. घ्या. लगेच वापरायचे नसतात, पण रात्री साडेदहाला लागतात.

पुढचे तीन महिने

जुने सभासद सांगतात: नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग. हा नियम नाही, चाल आहे. नाशिकसारख्या शहरात रोज एका ठिकाणी जमेलच असं नाही, पण दोन-तीन गट आणि ऑनलाइन मिळून जवळपास जमतं. "आयुष्यभर पिणार नाही" असं म्हणायचं नसतं. आजच्या दिवसापुरतं म्हणायचं. मला हे सुरुवातीला शाब्दिक चलाखी वाटायची. पण श्रावणाचे तीस दिवस मोजणारा मी, "आज" एवढंच मोजायला लागलो तेव्हा मोजणं सुटलं.

थोड्या दिवसांनी एक स्पॉन्सर धरा, म्हणजे पायऱ्या समजावून सांगणारा, तुमच्या आधी काही वर्षं सोबर असलेला माणूस. पुरुषानं पुरुष, बाईनं बाई धरावी असा संकेत आहे. जो तुम्हाला आवडतो त्यापेक्षा ज्याच्यापुढे तुम्हाला खोटं बोलता येत नाही तो निवडा. स्पॉन्सरकडून उसने पैसे घेऊ नका, कुणाला देऊही नका. गटातली माणसं चांगली असली तरी माणसंच असतात. धंद्यात भागीदारी, विमा विकणं, नोकरी लावून देतो म्हणणं, यापासून पहिल्या वर्षी लांब राहा.

तल्लफ आली की चार गोष्टी तपासा: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटं वाटतंय का, थकलोय का? दहापैकी सात वेळा यातलंच काहीतरी निघतं, निदान माझं तरी. भूक असेल तर जेवण, राग असेल तर फोन.

आणि कॅलेंडर काढून घातवार आधीच लिहून ठेवा. पगाराची तारीख. गटारी. एकतीस डिसेंबर. मित्राच्या लग्नाची हळद, तिथे मंडपामागे सोय असतेच. रंगपंचमी, जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात तो दिवस. रहाडीत उडी मारून आल्यावर "गारठा घालवायला" हातात ग्लास देणारे भाऊबंद ठरलेले असतात. त्या दिवशी रंग खेळायचाच नाही असं मी म्हणत नाही, पण गटातला कुणीतरी बरोबर न्या आणि दोन वाजता घरी या. "अॅसिडिटी आहे, डॉक्टरांनी बंद केलीय" हे उत्तर पाठ करून ठेवा. खरं कारण प्रत्येकाला सांगायला तुम्ही बांधील नाही.

घसरलात तर? याला स्लिप म्हणतात आणि ती बऱ्याच जणांची होते. माझी सातव्या महिन्यात झाली. पेगपेक्षा अवघड गेलं ते परत त्याच वर्गात जाणं. सगळ्यांपुढे तोंड कसं दाखवायचं? दाखवलं. कुणी "सांगितलं होतं ना" म्हणालं नाही. एकानं चहाचा कप पुढे केला आणि म्हणाला, "बरं झालं आलात, काही जण येतच नाहीत." पुढे सहा महिन्यांत अशा दोघांच्या तेराव्याला गेलो, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. फार दिवस सलग पिणं झालं असेल तर परत वरचा डॉक्टरांचा भाग वाचा, मगच थांबा.

घरच्यांनी काय करावं, काय करू नये

वहिनी, आई, भाऊ, तुमच्यासाठी. बसस्टँडच्या भिंतींवर "रुग्णाला न सांगता दारू सोडवा" अशी पत्रकं चिकटवलेली असतात. असली पावडर भाजीत, चहात टाकू नका. त्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळू शकतं. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीनंच देतात. न सांगता दिलेलं तेच औषध जीव घेऊ शकतं.

रात्रीतून गाडीत घालून केंद्रात टाकू नका. मला एकदा असंच एका ठिकाणी नेलं होतं. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा आणि बाकी दिवस काठी होती. बाहेर पडलो आणि त्याच संध्याकाळी प्यायलो, रागानं. केंद्र निवडायचंच असेल तर आधी स्वतः जाऊन बघा: नोंदणी आहे का, डॉक्टर कोण आणि किती वेळ असतात, नातेवाइकांना भेटू देतात का, आतल्या लोकांशी एकटं बोलता येतं का.

तुमच्यासाठीही गट असतो. अल-अनॉन म्हणतात, १९५१ साली तो दारुड्यांच्या बायका-नातेवाइकांनीच सुरू केला. तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं ते शिकवत नाहीत, तो पितोय तोवर तुम्ही कसं जगायचं ते बोलतात. नवरा मीटिंगला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता. माझी बायको माझ्याआधी तीन महिने जात होती. तिनं माझ्या बाटल्या ओतून देणं आणि सुपरवायझरला "यांना ताप आहे" म्हणून फोन करणं थांबवलं. कामावर मला स्वतःलाच कारण सांगावं लागलं, तेव्हा मी तो गेटवरचा फोन केला.

पिणाऱ्या बायकांचं दुखणं दुहेरी. त्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत येत नाहीत, आणि ते समजण्यासारखं आहे. फोनवर थेट सांगा, "मला बाई सभासदाशी बोलायचंय." आपल्या शहरात नसली तर मुंबई-पुण्याची जोडून देतात, ऑनलाइन फक्त बायकांच्या मीटिंगही असतात.

जमलंच नाही तर

एका गटात मन लागलं नाही म्हणून एए वाईट ठरत नाही. प्रत्येक गटाचा नूर वेगळा. एखाद्या ठिकाणी एकच माणूस पाऊण तास बोलतो, कुठे प्रवचनच होतं. सहा मीटिंग करा, दोन वेगळ्या ठिकाणी, मग ठरवा. २०२० साली कोक्रेन या संस्थेनं २७ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात पूर्णपणे दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि त्यावर आधारलेले उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतीत सरस दिसले. म्हणजे सगळ्यांनाच लागू पडतं असं नव्हे. तल्लफ कमी करणारी औषधं आहेत, समुपदेशन आहे, पुण्याला १९८६ सालापासून चालू असलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. त्यातलं काहीही मीटिंगच्या जोडीनं चालतं.

दुसऱ्या वेळी जाल तेव्हा दहा मिनिटं आधी जा. खुर्च्या शाळेच्या व्हरांड्यात एकावर एक रचलेल्या असतात, त्या आत आणून मांडायला कुणीतरी लागतं. हातात काम असलं की ओळख करून द्यावी लागत नाही, लोक आपोआप बोलतात. आमच्या इथे खालच्या चार खुर्च्यांचे पाय मोडके आहेत, त्या बाजूला ठेवायच्या.